कमी खर्चात व्यक्तिचित्रणासाठी कॅमेरा आणि लेन्स निवडताना

कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरातली मोजपट्टी बाहेर काढावी, हा सल्ला मी पहिला कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला देतो आणि बहुतेक जण ती थट्टा समजतात. मग जळगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारात जाऊन ते पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा विचारतात, दुकानदार सगळ्यात नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) पुढे ठेवतो, सोबत किट लेन्स, म्हणजे बॉडीबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स, येते, साठवलेले पैसे तिथेच संपतात, आणि घरी आल्यावर आजोबांचा काढलेला फोटो मोबाइलच्या फोटोहून फारसा वेगळा दिसत नाही. दोष कॅमेऱ्याचा नसतो. खरेदीचा क्रम उलटा झालेला असतो. व्यक्तिचित्रणासाठी आधी जागा पाहावी, जागेवरून लेन्स ठरवावी, आणि लेन्स ठरल्यावर उरलेल्या पैशांत तिला चालणारी बॉडी घ्यावी. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने केले आहे.

पहिली पायरी: जागा मोजणे

आपण माणसांचे फोटो प्रामुख्याने कुठे काढणार आहोत, हे प्रामाणिकपणे लिहून काढावे. घरातील दहा बाय बारा फुटांची खोली, जुन्या धाब्याच्या घराचा ओटा, शेताचा बांध, रावेर-यावलकडची केळीची बाग, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार, ही सगळी ठिकाणे एकाच लेन्सला सारखी मानवत नाहीत.

याचा हिशेब सोपा आहे. चौकटीत मावणारी उंची म्हणजे माणसापर्यंतचे अंतर गुणिले सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीची) लांब बाजू भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा). कमी खर्चातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो; कॅननमध्ये त्याची लांब बाजू सुमारे २२.३ मिमी, तर निकॉन आणि सोनीमध्ये सुमारे २३.५ मिमी असते. आता दहा बाय बाराची खोली घेऊ. तिची लांबी ३.६ मीटरच्या आसपास भरते. माणसाला भिंतीपासून निदान १ मीटर पुढे बसवावे लागते, नाहीतर त्याची सावली भिंतीवर पडते आणि पार्श्वभूमीही धूसर होत नाही; आपण स्वतः उभे राहण्यात आणखी ४० सेंटिमीटर जातात. हाती उरतात जेमतेम २.२ मीटर. तेवढ्या अंतरावरून कॅमेरा उभा धरल्यास ५० मिमी लेन्समध्ये सुमारे १ मीटर उंची मावते, म्हणजे बसलेला माणूस किंवा कमरेपर्यंतचे चित्र. ३५ मिमीमध्ये जवळपास दीड मीटर, २४ मिमीमध्ये २ मीटर, म्हणजे उभा माणूस डोक्यापासून पायांपर्यंत. आणि ८५ मिमीमध्ये फक्त ६० सेंटिमीटर, म्हणजे डोके आणि खांदे. याच खोलीत ८५ मिमीने पूर्णाकृती चित्र काढायचे ठरवले तर ८ मीटर मागे जावे लागेल, आणि तेवढ्यात आपण शेजाऱ्यांच्या अंगणात पोहोचलेले असू.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चेहऱ्याचे नाक मोठे दिसणे किंवा कान मागे गेल्यासारखे वाटणे हे लेन्समुळे होत नाही, आपण किती जवळ उभे आहोत त्यावर अवलंबून असते. मोबाइल अर्ध्या मीटरवर धरला की नाक कानांच्या तुलनेत फार जवळ येते, म्हणून चेहरा फुगलेला दिसतो. सव्वा ते दीड मीटरच्या पुढे गेल्यावर चेहरा आपल्या ओळखीचा दिसू लागतो. ५० किंवा ८५ मिमीची लेन्स इतकेच करते, की तेवढ्या अंतरावरूनही चेहरा चौकटीत पुरेसा मोठा येतो. म्हणूनच ३५ मिमीने कमरेपर्यंतचे चित्र उत्तम येते. पण त्याच लेन्सने चेहरा भरून काढण्यासाठी पुढे सरकलो की गडबड होते.

जागा लहान आहे म्हणून खंत करण्याचे मात्र कारण नाही. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) वर्षानुवर्षे घराबाहेर क्वचितच पडले, आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंमधून त्यांनी घडवलेली छायाचित्रे आजही त्यांच्या त्या वास्तूत पाहायला मिळतात. व्यक्तिचित्रण हा वेगळा प्रकार असला, तरी आपली चौकट आणि तिच्यातला उजेड पाठ असण्याने काय साधते, हे पाहण्यासाठी कॅमेरा घेण्याआधी एकदा तिथे जाऊन यावे, असे माझे मत आहे.

घरात कुणाची किट लेन्स उपलब्ध असल्यास आठवडाभर तिची झूमची कडी ३५ वर ठेवून आणि नंतरचा आठवडाभर ५० वर ठेवून, कडी न हलवता, फोटो काढून पाहावेत. कोणत्या आकड्यावर पाठ भिंतीला कमी वेळा टेकली, तेच उत्तर समजावे.

दुसरी पायरी: ॲपर्चरचा हिशेब

पार्श्वभूमी किती धूसर होईल, हे लेन्समधील छिद्राच्या, म्हणजे ॲपर्चरच्या, प्रत्यक्ष व्यासावर बरेचसे अवलंबून असते. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागले की तो व्यास मिळतो. १८-५५ मिमीची किट लेन्स ५५ मिमीवर जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंत उघडते, म्हणजे छिद्र जेमतेम १० मिमी. ५० मिमी एफ/१.८ लेन्सचे छिद्र जवळजवळ २८ मिमी भरते. चौकट तीच ठेवली तर दोन चित्रांतला फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

उजेडाचा फरक तर त्याहून मोठा आहे. एफ/१.८ वर एफ/५.६ च्या सुमारे ९.७ पट प्रकाश आत येतो. खानदेशातली जुनी घरे उन्हाळ्याचा ताप बाहेर राहावा म्हणून जाड भिंतींची आणि लहान खिडक्यांची बांधलेली आहेत. आत गारवा असतो आणि अंधारही. जिथे किट लेन्सला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता; ती वाढवली की चित्रात दाणे येतात) ६४०० लागतो, तिथे एफ/१.८ ची लेन्स ६४० च्या आसपास काम भागवते, आणि जुन्या बॉडीतही ६४० वरचा चेहरा स्वच्छ येतो. बॉडीवर दुप्पट पैसे घालूनही एवढा फायदा सहसा मिळत नाही. स्वस्त बॉडी आणि उघडी लेन्स या जोडीच्या बाजूने माझा मुख्य युक्तिवाद हाच आहे.

मात्र लेन्स एफ/१.८ ची घेतली म्हणून प्रत्येक फोटो एफ/१.८ वरच काढायचा नसतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीने दीड मीटर अंतरावरून फोटो काढताना एफ/१.८ वर स्पष्ट दिसणारा पट्टा अवघा ६ सेंटिमीटर जाडीचा असतो. माणसाने मान किंचित वळवली, की जवळचा डोळा स्पष्ट आणि दूरचा पुसट अशी अवस्था होते. एफ/२.८ वर हाच पट्टा साडेनऊ सेंटिमीटर होतो आणि एफ/४ वर सुमारे १४. माझे बहुतेक फोटो एफ/२.५ ते एफ/३.२ यांच्या दरम्यान काढलेले असतात, १.८ हा आकडा मी दिवेलागणीनंतरसाठी राखून ठेवतो.

ज्यांच्याकडे ५५-२५० मिमीची स्वस्त झूम आधीपासून पडून आहे, त्यांनी ती कमी लेखू नये. २५० मिमी आणि एफ/५.६ या जोडीत छिद्राचा व्यास ४४ मिमीच्या वर जातो, त्यामुळे मोकळ्या जागेत पार्श्वभूमी लोण्यासारखी वितळते. अडचण एवढीच, की कमरेपर्यंतच्या चित्रासाठी ११ मीटर दूर उभे राहावे लागते आणि हनुवटी खाली घ्या हे ओरडून सांगावे लागते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, जिथे सौद्यात रंगलेल्या माणसाला काही सांगायचेच नसते, तिथे हे अंतर पथ्यावर पडते.

तिसरी पायरी: लेन्स ठरवणे

घरात आणि ओट्यावर चेहरे व अर्धाकृती चित्रे काढायची असतील तर ५० मिमी एफ/१.८ ही पहिली लेन्स. एपीएस-सीवर तिचा चित्रकोन फुल फ्रेमवरील (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरवरील) ७५ ते ८० मिमी लेन्सइतका होतो, म्हणजे व्यक्तिचित्रणाच्या पारंपरिक ८५ मिमीच्या अगदी जवळ. कॅननची २०१५ साली आलेली ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम वजनाला सुमारे १६० ग्रॅम आहे, ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळचे फोकस करते आणि जुन्या बाजारात सहज मिळते. निकॉनमध्ये एएफ-एस ५० मिमी एफ/१.८जी घ्यावी. सोनीच्या एपीएस-सी बॉडीसाठी ई ५० मिमी एफ/१.८ ओएसएस लेन्समध्ये हात हलल्याची भरपाई करणारी स्थिरीकरणाची सोयही आहे, जी जुन्या सोनी बॉडींत नसते.

खोली लहान असेल आणि कुटुंबातील दोन-तीन माणसे एकत्र घ्यायची असतील तर निकॉनची डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी अधिक उपयोगी पडते. कॅननच्या एपीएस-सीसाठी ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम आहे. तिने चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नये. ८५ मिमी एफ/१.८ ही सुंदर लेन्स आहे, पण तिला पहिली लेन्स म्हणून घेणे म्हणजे अंगण नसताना खाट विकत घेण्यासारखे आहे. ज्याला मळा, नदीकाठ किंवा मोठे सभागृह हाताशी आहे, त्याने ती दुसऱ्या वर्षी घ्यावी.

माउंट (बॉडीला लेन्स जोडण्याची खाच) आणि फोकस यांच्या बाबतीत तीन खड्डे आहेत, आणि त्यांत माणसे वारंवार पडतात. पहिला निकॉनचा. त्यांच्या ५० मिमी एफ/१.८डी या जुन्या लेन्सच्या आत फोकसची मोटर नाही; ती बॉडीतल्या मोटरवर चालते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींत, म्हणजे डी३५०० किंवा डी५६०० मध्येही, ती मोटर नाही. माझ्या ओळखीच्या एकाने स्वस्त मिळाली म्हणून ही लेन्स आणली आणि दोन दिवस लेन्स बिघडली असे समजून हळहळत होता. डी९० किंवा डी७००० मालिकेची बॉडी असेल तर तीच लेन्स उत्तम चालते. दुसरा खड्डा कॅननचा: आरएफ माउंटच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर जुनी ईएफ लेन्स अडॅप्टर लावूनच बसते, आणि आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) कशीच बसत नाही. अडॅप्टरने काम चोख होते, पण त्याची किंमत हिशेबात धरावी. तिसरा खड्डा स्वयंचलित फोकस नसलेल्या स्वस्त लेन्सचा. त्या दिसायला देखण्या आणि पोलादी असतात. मात्र न थांबणाऱ्या नातवाचा फोटो काढताना पोलादाचा उपयोग होत नाही.

चौथी पायरी: बॉडी

मेगापिक्सेलचा विषय दोन वाक्यांत संपतो. १८ मेगापिक्सेलच्या जुन्या कॅननमधून ५१८४ बाय ३४५६ ठिपक्यांचे चित्र मिळते, आणि प्रति इंच ३०० ठिपक्यांनी छापल्यास ते १७ बाय साडेअकरा इंच भरते, म्हणजे बैठकीत लावायच्या फ्रेमला पुरेसे. २४ मेगापिक्सेल असेल तर हे माप २० बाय १३ इंच होते.

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, मात्र मी अत्यावश्यक मानतो. एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यातले ऊन अंगावर घेऊन कॅमेऱ्याची पाठीमागची स्क्रीन पाहण्याचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला कारण सांगावे लागणार नाही. व्हिडिओसाठी बनवलेल्या काही मिररलेस कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ सोनीच्या झेडव्ही-ई१० मध्ये, व्ह्यूफाइंडरच नाही. त्याच कंपनीच्या २०१४ सालच्या ए६००० मध्ये तो आहे, म्हणून व्यक्तिचित्रणासाठी दोन्हींत मी जुना कॅमेरा निवडेन.

डोळा ओळखून त्यावर फोकस करणारी सोय मिररलेस कॅमेऱ्यांत चांगली असते, आणि उघड्या ॲपर्चरवर तिचा फार आधार वाटतो. डीएसएलआर घेतला तर फोकसचा एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवण्याची सवय लावावी लागते. ही सवय दोन आठवड्यांत अंगवळणी पडते, त्यामुळे केवळ या सोयीसाठी बजेटच्या बाहेर जाऊ नये.

पुढे कधी फ्लॅश वापरण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट दुकानातच पाहावी. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या बॉडींच्या हॉट-शूमधील (फ्लॅश बसवायच्या खाचेतील) मधली पिन काढून टाकली आहे. लग्नाच्या फोटोग्राफरांकडे हमखास आढळणारे साधे, एकाच पिनेवर चालणारे फ्लॅश आणि ट्रिगर या बॉडींवर पेटत नाहीत. जुन्या ६००डी, ७००डी किंवा ७०डी मध्ये ती पिन आहे. कागदावर नव्या दिसणाऱ्या बॉडीपेक्षा जुनी बॉडी सरस ठरते ती अशा ठिकाणी.

पैशांची वाटणी करताना मी ढोबळमानाने असे करतो: अर्ध्याहून थोडी अधिक रक्कम बॉडीवर, तिसरा हिस्सा लेन्सवर आणि उरलेले बॅटरी, कार्ड व किरकोळ सामानावर. वाटणी जुळत नसेल तर कात्री बॉडीला लावावी, लेन्सला नव्हे.

पाचवी पायरी: जुना माल तपासणे

कमी बजेटमध्ये जुनी बॉडी हाच शहाणपणाचा मार्ग आहे, आणि आपल्याकडे ती मिळण्याचा एक हंगामही असतो. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात. तेव्हा हंगामात कमावलेल्या पैशांतून नवा कॅमेरा घेणारे व्यावसायिक जुनी बॉडी काढून टाकतात. ती भरपूर वापरलेली असते, हे गृहीत धरूनच जावे. सामान्य प्रवेशस्तरीय बॉडीचे शटर साधारण १ लाख क्लिकच्या आसपास टिकेल असे मानतात; निकॉनच्या मूळ फोटोफाइलमध्ये क्लिकचा आकडा नोंदलेला असतो, कॅननमध्ये तो इतक्या सहज सापडत नाही. लग्नाचे व्हिडिओ काढलेल्या बॉडीत क्लिक कमी असूनही सेन्सर तासन्‌तास तापलेला असू शकतो, म्हणून आधी काय काम केले ते सरळ विचारावे.

लेन्सच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिली ५० मिमी मी एका विक्रेत्याकडून संध्याकाळी, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहून घेतली. घरी सकाळच्या उन्हात धरली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली दिसली, आणि परत घेण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून मी लेन्स पुढच्या बाजूने डोळ्यासमोर धरतो, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारतो आणि हळूहळू फिरवून पाहतो. धुळीचे दोन-चार कण असल्याने काही बिघडत नाही; धाग्यांसारखी नक्षी, दुधाळ पापुद्रा किंवा ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचा ओलावा दिसला तर लेन्स परत ठेवावी. पात्यांवर तेल आले की ती संथ सरकतात आणि फोटो एक उजळ, एक काळा असे येऊ लागतात.

बॉडी तपासताना स्वतःचे मेमरी कार्ड सोबत न्यावे. एफ/१६ वर निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. ती साफ होते, पण ओरखडा जात नाही. मग वर्तमानपत्र टेबलावर पसरून सुमारे ४५ अंशांच्या कोनातून, ॲपर्चर पूर्ण उघडून, मधल्या एका ओळीवर फोकस करावे. फोटोत तीच ओळ स्पष्ट आहे की तिच्या पुढची-मागची, हे मोठे करून पाहावे. डीएसएलआरमध्ये फोकस पुढे-मागे सरकण्याचा हा दोष आढळतो आणि एफ/१.८ वर तो लपत नाही. कार्डाच्या खाचेतल्या पिना, बॅटरीची फुगवट, फ्लॅशचा शू आणि प्रत्येक बटण तपासून झाल्यावर बिलावरचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. बिल नाही, खोका नाही आणि किंमत मात्र अविश्वसनीय कमी, असे असेल तर चहा पिऊन निघावे.

सहावी पायरी: किरकोळ सामान

एक जास्तीची बॅटरी, दोन मध्यम क्षमतेची कार्डे आणि थर्माकोलची एक मोठी पांढरी शीट एवढे पुरते. थर्माकोल चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला दोन फुटांवर धरला की डोळ्यांखालचा काळेपणा निघून जातो. पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या घ्याव्यात. बुरशी खानदेशातही होते, ती फक्त श्रावणाची वाट पाहते. उन्हाळ्यात कॅमेरा मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत ठेवू नये.

सातवी पायरी: लेन्सला योग्य उजेडात बसवणे

भर दुपारच्या उन्हात आयएसओ १०० वर एफ/१.८ वापरायचे तर शटरचा वेग सुमारे १/८००० सेकंद लागतो, आणि प्रवेशस्तरीय बॉडी १/४००० वर थांबतात. म्हणजे फोटो पांढराफटक होणार, वर डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या. तेव्हा माणसाला ओट्यावर, दाराच्या चौकटीच्या एक पाऊल आत बसवावे. बाहेरचे चुन्याने रंगवलेले किंवा मातीचे अंगण उजेड परतवते आणि तो समोरून, मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. एफ/२.८, १/२०० सेकंद आणि आयएसओ ऑटो, ही सुरुवात बहुतेक ओट्यांवर चालते.

आपल्याकडच्या वयस्कर पुरुषांची पांढरी टोपी आणि पांढरा सदरा कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतो. चौकटीत एवढा पांढरा रंग आला की कॅमेरा चित्र काळवंडवतो आणि सावळा चेहरा आणखी बुडतो. म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे, रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात फोटो घ्यावा आणि टोपीच्या घड्या दिसत आहेत ना, हे स्क्रीन मोठी करून पाहावे.

माझ्या मोठ्या मायचा फोटो मी पहिल्यांदा अशा रीतीने काढला, तेव्हा ती दाराशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. चांगला काढजो रे भाऊ, असे म्हणून तिने पदर सारखा केला आणि ताठ बसली. पहिले चार फोटो त्या ताठपणाचेच आले. पाचव्या वेळी ती पुन्हा शेंगांकडे वळली, मी दीड मीटरवरून जवळच्या डोळ्यावर बिंदू ठेवला, आणि त्या चौकटीत मागची अंधारी खोली पूर्ण विरघळून गेली. बॉडी आठ वर्षांची जुनी होती, आणि लेन्स बुरशीवालीच्या जागी घेतलेली दुसरी.